मदत हवी आहे: तैलरंगातल्या कामांचे फोटो काढताना चमक कशी घालवावी?

चित्रकलेच्या फाउंडेशन कोर्सच्या मुलांची कामं पोर्टफोलिओसाठी टिपायची आहेत, सगळी १५ × २२ इंची. जलरंग आणि पेन्सिलची कामं नीट येतात. काम भिंतीवर सपाट, कॅमेरा ट्रायपॉडवर बरोबर कामाच्या मध्याच्या उंचीला, ५० मिमी लेन्स, आयएसओ १००, एफ/८, दोन सेकंदांचा टायमर. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत एकसारखे एलईडी, पहिल्या फ्रेममध्ये ग्रे कार्ड (नंतर रंग जुळवायला ठेवलेलं राखाडी कार्ड). ट्यूबलाइट बंद आणि खिडकीला पडदा हवाच. नाहीतर एका कडेला पिवळट, दुसरीकडे निळसर झाक येते आणि ती नंतर धड निघत नाही.

अडचण तैलरंगांची आहे. जाड थरात, विशेषतः गडद निळ्या-काळ्या भागात, ब्रशच्या प्रत्येक रेघेच्या कडेवर बारीक पांढरे ठिपके चमकतात. दिवे भिंतीकडे आणखी सरकवले की चमक घटते, पण कडा उजळ आणि मधला भाग काळपट होतो. नुसता लेन्सवर सीपीएल (चमक कापणारा, फिरवता येणारा पोलरायझिंग फिल्टर) लावून भागत नाही, कारण थराचे उंचवटे वेगवेगळ्या दिशांना वळलेले असतात. दिव्यांवरही पोलरायझिंग फिल्म लावून सीपीएल त्या फिल्मच्या दिशेला आडवा फिरवला की चमक जाते. पण थराचा उठावही जातो, चित्र छापील वाटतं. मुलांच्या हाताचा जोर त्या थरातच तर दिसतो!

चमक असलेला आणि नसलेला असे दोन फोटो फोटोशॉपमध्ये एकत्र करणारं कुणी आहे का? चमक असलेल्या फोटोचा लेयर किती टक्के ठेवता? की एकाच दिव्यावरची फिल्म काढून काम भागतं?