विषय: मुंबईत जानेवारीत एक तासाचा वारा मिळेल का?

प्रेषक: विरलवाला
शुक्रवार, २ जानेवारी, रात्री

मंडळी, नमस्कार. नवीन वर्षाच्या शुभेच्छा. खेळाचा विषय आहे, ज्यांना रस नाही त्यांनी सरळ पुढं जा. ताई, हळदीकुंकवाच्या हॉलचं उत्तर वेगळ्या मेलमध्ये देतो, रागवू नका.

रविवारी पहाटे मुंबईत उतरतोय, तीन आठवडे. बायको-मुलं ठाण्याला सासरी, मी गिरगावात मावशीकडे. तिकडं चौपाटीवर कुणी विंडसर्फिंग करतं का आणि जानेवारीत दुपारी वारा किती असतो, एवढं सांगा.

कारण सांगतो. आमच्या क्लबची वेगाची टीम ‘जीपीएस टीम चॅलेंज’मध्ये आहे. मूळ ऑस्ट्रेलियातली स्पर्धा, पण जिथं वारा मिळेल तिथं जायचं, जीपीएसची नोंद चढवायची. सहा प्रकारचे आकडे असतात: दोन सेकंदांचा सर्वोच्च वेग, दहा सेकंदांच्या पाच धावांची सरासरी, एक तासाची सरासरी, एक सागरी मैल, दिवसभराचं अंतर आणि अल्फा (वळण घेऊन पाचशे मीटरच्या आत परत निघालेल्या जागेजवळ पन्नास मीटरांत यायचं). प्रत्येक प्रकारात टीममधल्या पहिल्या दोघांची सरासरी धरतात. एकट्याचा आकडा कितीही भारी असो, दुसरा माणूस नसेल तर टीमची त्या रकान्याची चौकट रिकामी.

हिवाळ्यात आमच्याकडे इंग्लंडात वेग भरपूर. वेस्ट कर्बीच्या मरीन लेकवर पश्चिमेचं वादळ आलं की भिंतीच्या आडोशाला पाणी इस्त्री केल्यासारखं होतं, भिंतीला घासून जायचं. पण एक तास कोण काढणार? पाच मिलिमीटरचा सूट, हातमोजे, आणि वीस मिनिटांत बोटं कुठं आहेत ते कळत नाही. हातमोज्यांमुळे बूम (शीड धरायचा दांडा) जाड लागतो, मनगटापासून कोपरापर्यंत हात लाकूड होतो. सगळे चार धावा मारतात आणि गाडीत जाऊन हीटर लावतात. गेल्या जानेवारीत आमचा तासाचा रकाना याच कारणानं रिकामा होता. यंदा एकानं नाताळच्या सुट्टीत कुठंतरी उबदार जाऊन पहिल्या तारखेलाच आकडा लावला. दुसरा मी लावीन म्हणून मोठ्या तोंडानं सांगून बसलोय.

फिन (फळीखालची पाती), हार्नेस (शिडाचा ओढा अंगावर घ्यायचा पट्टा) आणि घड्याळ घेऊन येतोय. फळी आणि शीड तिथं कुणाची उसनी मिळाली तर बरं.


प्रेषक: ताई (खजिनदार)
शनिवार, ३ जानेवारी

रागावले नाही, पण तिळगुळाच्या ऑर्डरला पैसे आगाऊ लागतात हे लक्षात असू दे. बाकी ते फळीवर उभं राहून शीड धरायचं ना? किती वेगानं जाता रे तुम्ही? रस्त्यावर तीसच्या झोनमध्ये तुला दंड झालेला ठाऊक आहे, म्हणून विचारते.


प्रेषक: विरलवाला
शनिवार, ३ जानेवारी

ताई, तो दंड ३४ मैलांचा होता, जाहीर करू नका.

जगातल्या भारी लोकांचं सांगायचं तर २०१५ साली नामिबियात ल्युडेरिट्झला, वाऱ्याच्या नेमक्या कोनात खास खणलेल्या चरात, फ्रान्सच्या आंत्वान अल्बोनं पाचशे मीटरची सरासरी ५३.२७ नॉट काढली. ताशी साडेअठ्ठ्याण्णव किलोमीटर, इंजिन नाही. आमच्यातले चांगले तिशीच्या पुढं असतात, मी अठ्ठावीस-एकोणतीसचा. एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किलोमीटर, हिशेब तुम्हीच करा, खजिनदार आहात.


प्रेषक: गिरगावकर काका
शनिवार, ३ जानेवारी, रात्री

अरे बाळा, मेल वाचला आणि आधी हसलो. इथं परत येऊन मला सोळा वर्षं झाली, मंडळाच्या यादीतून नाव काढा म्हणून दोनदा सांगितलं, कुणी काढलं नाही. बरं झालं.

वारा आहे, पण तुझ्या तिकडच्या हिशेबानं बघू नकोस. शाळेत पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे आठवतात? परीक्षेनंतर सगळे विसरतात, इथं तेच वेळापत्रक आहे. जानेवारीत सकाळी मतलई, जमिनीकडून, ईशान्येचा. तो दहा-अकराला दम तोडतो. मग तास-दीड तास पाणी मेल्यासारखं, कावळासुद्धा उडायला कंटाळतो. साडेबारा-एकला समुद्राकडून वायव्येचा खारा सुरू होतो आणि चारच्या सुमाराला भरात येतो. दहा-बारा नॉट रोजचे धर, चांगल्या दिवशी चौदा-पंधरा. उत्तरेत थंडीची लाट आली की कधीकधी त्याहून जोर. पण ज्या दिवशी बातम्यांत ‘पूर्वेचे वारे, पारा चढणार’ असं म्हणतील, त्या दिवशी घरी बस. जमिनीवरचा कोरडा वारा खाऱ्याला दुपारपर्यंत आत येऊ देत नाही. शहर तापतं, आपलं शीड लटकतं. फेब्रुवारी-मार्चात हे जास्त, पण जानेवारीतही होतं.

दुसरं, जे तुमच्या भिंतीच्या तलावात कुणाला विचारावं लागत नसेल: पाणी. चौपाटीला ओहोटीत वाळू आणि चिखल लांबवर उघडा पडतो. ४८ सेंटिमीटरच्या फिननं गुडघाभर पाण्यात जाशील आणि फळीवरून थेट नाकावर. भरती बघूनच ये. भरतीतक्ता मोबाइलवर आहेच, पण इथल्या किनाऱ्यावरच्या माणसांचा जुना हिशेब सांगतो. तिथीला पाऊणनं गुण, जो आकडा येईल त्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे. दुपारच्या खाऱ्याला चौथ-पंचमी गाठ पडली तर पाणी पुरेसं आणि वाराही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी (कमी चढउताराचं), दुपारी बाराला ओहोटी, संध्याकाळी पाणी चढेपर्यंत उजेड संपतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, बाराला भरती, आणि वारा यायच्या वेळी पाणी पळायला लागलेलं. म्हणून म्हणतो, येत्या मंगळवारी अंगारकी आहे. मावशी उपास करत असेलच. तिच्या चंद्रोदयाला नऊ वाजतील, तोवर तू पाण्यात असलास तर कुणी विचारणार नाही.

तिसरं, जागा. वायव्येचा वारा मलबार हिल उतरून येतो. टेकडीच्या पायथ्याला पाणी ताटासारखं सपाट, पण वारा तुकड्यांनी पडतो: एक थप्पड, मग पोकळी. वाळकेश्वरच्या टोकाबाहेर गेलास की वारा सलग, पण लाट उभी राहते. मधला पट्टा शोधायचा. तो रोज सरकतो, माझ्याजवळ नकाशा नाही. आणि मरिन ड्राइव्हच्या टेट्रापॉडपासून लांब राहा. शीड पडलं आणि वारा त्या बाजूचा असला तर दगड तुला घेतील, तू दगडांना नाही. कफ परेडकडे मच्छीमारांची जाळी असतात, बोये दिसले की वळ.

फळी चौपाटीवरच्या क्लबमध्ये मिळेल, मी विचारतो. आमच्या काळच्या लांब जड फळ्या आता अडगळीत गेल्या, हल्लीच्या मुलांच्या रुंद आखूड आहेत. १९८२च्या एशियाडच्या शिडांच्या शर्यती मुंबईच्या पाण्यात झाल्या तेव्हा मी काठावरून बघायचो, त्याच वर्षी पहिल्यांदा फळीवर उभा राहिलो. मग इंग्लंड, मग पाठ, मग डॉक्टर. पुढचं सांगत नाही.

आणि हो, तुमच्याकडे गवत अडकू नये म्हणून मागे झुकलेला फिन वापरतात ना? तो आण. गवत नाही मिळणार, बाकी सगळं मिळेल.


प्रेषक: मँचेस्टरचा दादा
रविवार, ४ जानेवारी

मध्ये बोलतो. नॉट तेवढेच असले तरी जोर तेवढा नसणार. पाच अंशांना हवा घनमीटरला साधारण १.२७ किलो, तीस अंशांना १.१६. म्हणजे तेवढ्याच वाऱ्यात शिडावरचा दाब आठेक टक्के कमी, आणि मुंबईच्या दमटपणानं आणखी किंचित. तू इथं ७.८ चौरस मीटरचं शीड लावत असशील तिथं ८.५चं लाव. मी विंडसर्फर नाही, एसी डक्ट बसवतो, पण हवा तीच.


प्रेषक: ताई (खजिनदार)
रविवार, ४ जानेवारी

काका, तुमचं नाव यादीतून काढायचं राहिलं ही माझीच चूक, आणि आता मुद्दाम काढणार नाही.


प्रेषक: विरलवाला
बुधवार, ७ जानेवारी

काल झालं. जरा लांबण लावतो, कारण झोप येत नाहीये आणि खांदे दुखतायत.

काका बारा वाजताच वाळूवर छत्री लावून बसले होते, सोबत थर्मासमध्ये लिंबाचं सरबत. दादा, ८.५चं शीड लावलं. बिनबाह्यांचा टीशर्ट, लाइफ जॅकेट, अनवाणी. मला सहा महिन्यांनी स्वतःची बोटं बूमवर जाणवली.

सव्वाबाराला पाणी काचेसारखं. साडेबारा. पाऊण. काका म्हणाले, “थांब, झेंडा बघ.” एका इमारतीवरचा झेंडा हलला, पडला, परत हलला. एकच्या पुढं मी पाण्यात उतरलो. पहिली वीस मिनिटं निव्वळ फजिती: टेकडीखाली वारा आला की फळी उचलली जायची, आणि हार्नेसमध्ये वजन टाकलं की वारा गायब, मी पाठीवर पाण्यात. काकांनी सांगितलेला मधला पट्टा शोधायला आणखी अर्धा तास गेला. तो मला वाटलं होतं त्याच्या बराच दक्षिणेला निघाला.

तासाच्या रकान्यात मी आजवर चुकीचा विचार करत होतो, हे तिथं कळलं. वेस्ट कर्बीला सगळा जीव एका धावेत असतो. तासात घड्याळ तुम्ही पडलात तरी चालूच राहतं. आठ-साडेआठचं शीड पाण्यातून उपसून उभं करायला हलक्या वाऱ्यात दीड-दोन मिनिटं जातात, आणि तेवढ्यात वीस नॉटनं कमावलेलं सगळं धुऊन जातं. म्हणून मी जाइब (वारा पाठीवर घेऊन वळणं) सुंदर करायचा नाद सोडला. वळणावर वेग कमी झाला तर झाला, पाय जुन्या जागी ठेवून, गुडघे वाकवून, मोठा वळसा घेऊन पडायचं नाही एवढंच. सरळ धावेत २०-२१ नॉट मिळत होते, घाई केली नाही. सव्वादोन ते सव्वातीन हा माझा तास.

बेचाळिसाव्या मिनिटाला फळी अचानक घसरायला लागली, जणू मागचं चाक पंक्चर. फिनला निर्माल्याची पिशवी! अंगारकी होती ना. मागे झुकलेल्या फिनवरून गवत घसरून जातं, पण पिशवीच्या बंदाला कोण सांगणार. एका पायानं ती सोडवली, हार पिशवीत होता म्हणून पिशवी जॅकेटात कोंबली आणि पुढं निघालो. तेवढ्यात किती गेलं असेल ते नोंदीत दिसतंय: एकवीसवरून तीन नॉट, जवळजवळ पाऊण मिनिट.

आकडा: १४.६ नॉट सरासरी. म्हणजे एका तासात २७ किलोमीटर. भारी म्हणणार नाही, आमच्या पहिल्याचा सतराच्या वर आहे. पण रकाना भरला. टीमच्या कॅप्टननं रात्री एकच ओळ पाठवली, ‘तिथं ऊन आहे का?’ खाली बर्फानं झाकलेल्या त्याच्या गाडीचा फोटो.

एक सांगायचं राहिलं. बाहेर आल्यावर काकांनी ती निर्माल्याची पिशवी माझ्याकडून घेतली आणि चौपाटीवरच्या निर्माल्य कलशात टाकून आले. म्हणाले, “तुझ्या वेगाला अडवलं, पण देवाचं आहे.” मग सरबत दिलं. मावशीचा उपास नऊनंतर सुटला, तोपर्यंत मला कुणी जेवायला दिलं नाही.

फळीच्या भाड्याचे पैसे काकांनी घेऊ दिले नाहीत. ताई, मंडळाच्या नियमात हे बसतं का बघा.


प्रेषक: ताई (खजिनदार)
बुधवार, ७ जानेवारी

बसत नाही. येताना त्यांना आवडतात ती बिस्किटं विचारून पुढच्या वेळी घेऊन जा. आणि तिळगुळाचे पैसे अजून आले नाहीत.


प्रेषक: गिरगावकर काका
गुरुवार, ८ जानेवारी

बिस्किटं नकोत, डॉक्टर ओरडतो. एक विचारतो, उगाच. तुमच्या त्या दोन सेकंदांच्या रकान्याला खालची मर्यादा असते का? रविवारी पहाटेचा मतलई वारा असेल, पाणी शांत, क्लबमध्ये एक जुनी लांब फळी निघाली आहे. उभा राहिलो तर तेवढे दोन सेकंद पडायच्या आत मोजून घेता येतील का, का पूर्ण दोन लागतात? आमच्या बाईंना यातलं काही कळवू नका.