मदत हवी आहे: गुडघ्याचा झटका काहींना येतच नाही, आणि दात आवळले की येतो?

प्रश्न: गुडघ्याच्या प्रतिक्षिप्त क्रियेचं प्रात्यक्षिक आहे. 10 पैकी 3 जणांच्या पायात हातोडी मारूनही काहीच हालचाल नाही. जोर वाढवून पाहिला, फरक नाही. तिघेही धडधाकट. त्यातल्या एकाला दात आवळायला सांगितलं तर पाय उडाला! ही क्रिया मेरुरज्जूतच पूर्ण होते असं शिकवतात. मग दातांचा काय संबंध?

उत्तर 1: आधी जागा तपासा. वाटीचं खालचं टोक आणि त्याखाली नडगीच्या हाडावरचा उंचवटा, दोन्ही बोटाने चाचपा. मधली किंचित दबणारी पट्टी म्हणजे टेंडन, स्नायूला हाडाशी जोडणारा दोर. हाडावर मारलंत तर फक्त दुखेल. पाय टेबलावरून लोंबता हवा, तळवा जमिनीला टेकलेला नको.

जोर सोडा, वेग बघा. हातोडीचा दांडा टोकाशी सैल धरा आणि मनगटाच्या झोक्याने ती स्वतःच्या वजनाने पडू द्या. टेंडन झटकन दबला की मांडीचा पुढचा स्नायू, क्वाड्रिसेप्स, क्षणभर ताणला जातो आणि त्यातले मसल स्पिंडल (ताण ओळखणारे संवेदक) एकदम संदेश सोडतात. तेच हळू दाबलं तर संदेश विखरून जातात. दुसरा हात मांडीवर ठेवाच. पाय न हलता स्नायू नुसता आवळला गेला तरी रिफ्लेक्स आलाच म्हणायचा.

उत्तर 2: दातांबद्दल. स्पिंडलकडून निघालेला संवेदी तंतू मेरुरज्जूत शिरतो आणि थेट क्वाड्रिसेप्सच्या प्रेरक पेशीला भेटतो, वाटेत सिनॅप्स (दोन चेतापेशींमधला सांधा) एकच. म्हणून साधारण 20 मिलिसेकंदांत स्नायू जागा होतो. मुद्दाम पाय हलवायचा तर दीडदोनशे तरी लागतात. त्याच तंतूची एक फांदी मधल्या पेशीमार्फत मांडीच्या मागच्या स्नायूला, हॅमस्ट्रिंगला, गप्प करते. माणूस धास्तीने पाय आखडून बसला असेल तर हॅमस्ट्रिंग आधीच ताठ असतो आणि झटका तिथेच मरतो.

‘मेंदूचा संबंध नाही’ हे अर्धंच खरं. साखळी मेंदूशिवाय चालते, पण तिचा लगाम वरून येणाऱ्या तंतूंच्या हातात असतो. हे तंतू तुटले की काही काळाने झटका उलट जास्त जोरात येतो, तो त्यामुळेच. दुसरीकडे कुठे जोर लावला की लगाम थोडा ढिला पडतो, शिवाय लक्ष पायावरून उडतं. हंगेरीतले डॉक्टर येंड्रासिक यांनी 1885 मध्ये सांगितलेली हीच युक्ती.

प्रश्नकर्ता: बाकी दोघांनी दात आवळून धरले, तरी शून्य.

उत्तर 2: आवळून धरू नका, परिणाम काही सेकंदांतच ओसरतो. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवायला सांगा, ‘ओढा’ म्हणा आणि त्याच क्षणी मारा. तोवर हातोडी तयार ठेवा. ‘ओढा’ म्हणून मग जागा शोधत बसलात तर संधी गेली.

उत्तर 1: आणि वहीत नीट लिहा. युक्तीनेच आला तर ±, युक्तीनेही नाही तरच 0. दोन्ही गुडघ्यांत सारखाच मंद असेल आणि बाकी तक्रार नसेल तर बहुतेकदा घाबरायचं कारण नसतं. एकाच बाजूचा गायब असेल, किंवा सोबत बधिरपणा वा मांडी बारीक दिसत असेल, तर मात्र त्या मुलाला डॉक्टरांकडे पाठवा.