फवारणीची बाधा उतरली, पण आता भावाचे पाय ढिले पडले - मदत हवी आहे

वावरवाला_घाटंजी
लहान भावाले फवारणीची बाधा झाली होती. भरती केलं, सलाईन-इंजेक्शनं झाली, बरा होऊन घरी आला. आता चालताना दोन्ही पाय लटपटतात, पोटऱ्या दुखतात, चप्पल पायातून निसटते तरी त्याले समजत नाही. गावातले डॉक्टर म्हणतात नसांची कमजोरी आहे, टॉनिक घ्या. विष अंगातून निघालं तर पाय आता काऊन ढिले पडून राहिले? नसांचं हे नेमकं काय असते, कोणी समजून सांगा. लवकर सांगा. बोंडं फुटून राहिली अन् करता माणूस खाटेवर.

राळेगावकर
कोणतं औषध मारलं? कधी मारलं? वय काय? हे सांगितल्याशिवाय कोण काय सांगणार भाऊ?

शेतकरीपुत्र_७७
दूध-तूप चालू करा. आमच्या घरी फवारणीवरून आलं की आधी गूळ अन् दूध. विष उतरते. मी इतकी वर्षं मारतो, काही झालं नाही.

सिस्टर_वर्धा
दादा, हे औषध कातडीतून अन् श्वासातून आत जातं. पोटात दूध टाकून ते कसं उतरेल? दुधाच्या भरवशावर लोक उशिरा येतात, मी वॉर्डात पाहिलं आहे. कृपया असा सल्ला देऊ नका.

शेतकरीपुत्र_७७
तुम्ही दवाखानेवाले घरचं काहीच मानत नाही.

वावरवाला_घाटंजी
पऱ्हाटीवर मारलं जी, बोंडअळीचं. पाठीवरचा पंप. दवाखान्यात ॲट्रोपीन दिलं, कार्डावर तेच लिहिलं आहे.

राळेगावकर
‘बोंडअळीचं’ म्हणजे औषधाचं नाव नाही झालं. बाटलीवर बारीक अक्षरात घटक लिहिले असतात, ते वाचा.

आर्वीचा_पाटील
शुगर तपासली का? माझ्या सासऱ्यांचे पाय असेच बधिर झाले होते, शुगर निघाली. बी-१२ ची इंजेक्शनं घेतली, आता चालतात. हे बी-१२ च आहे, लिहून ठेवा.

वावरवाला_घाटंजी
तो सव्वीसचा आहे पाटील, शुगर कुठून येईल? बाटली धुऱ्यावर सापडली. क्लोरपायरीफॉस अन् सायपरमेथ्रिन, दोन्ही एकाच बाटलीत. फवारणीले तीन आठवडे होत आले. पाय मागच्या आठवड्यापासून.

विज्ञान_मास्तर
आता बोलता येईल. मी जीवशास्त्र शिकवतो, डॉक्टर नाही, पण नसांचं सांगतो.

नसेतून संदेश विजेच्या रूपात धावतो, जाड नसांमध्ये सेकंदाला शंभर मीटरच्या वर. पण नस स्नायूला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाइतकी. ती ओलांडायला नस ॲसिटिलकोलिन नावाचं रसायन सोडते. ऑटो लोवी यांनी १९२१ मध्ये हे बेडकाच्या हृदयावर दाखवलं. एका हृदयाची नस चेतवून ठोके मंद केले, त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयावर टाकला, तर तेही मंद झालं. म्हणजे संदेश द्रवातून गेला. १९३६ चं नोबेल त्यांना हेन्री डेल यांच्यासोबत मिळालं.

आता खरा मुद्दा. वावरातली मोटर चालू होणं जितकं गरजेचं, तितकंच बंद होणं. बंद करण्याचं काम एक विकर करतं, एन्झाइम. त्याचा एक रेणू सेकंदाला ॲसिटिलकोलिनचे हजारो रेणू फोडतो. क्लोरपायरीफॉस ह्याच विकराला कुलूप लावतं. मग संदेश थांबतच नाही: लाळ, घाम, उलटी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, अंगावरचे स्नायू फडफडतात, शेवटी श्वास घ्यायचे स्नायू थकतात. कीडही अशीच मरते. त्या बाटलीतलं सायपरमेथ्रिन वेगळ्या जागी बसतं, नसेतली सोडियमची दारं उघडीच ठेवतं. फवारताना तोंडाला चुणचुण होते ती त्याची.

ॲट्रोपीन ग्रंथी, हृदय अन् श्वासनलिका ह्यांवरचा संदेश अडवतं, म्हणून जीव वाचतो. हातापायांच्या स्नायूंवर ते काम करत नाही.

वावरवाला_घाटंजी
मास्तर, हे समजलं. पण तेव्हा तर पाय ठीक होते. चालत घरी आला तो!

विज्ञान_मास्तर
तेच सांगतो. ही उरलेली बाधा नाही, वेगळी इजा आहे. काही ऑर्गेनोफॉस्फेट औषधं (क्लोरपायरीफॉस ह्याच गटातलं) नसेतल्या दुसऱ्या एका विकरालाही धरतात, न्यूरोपॅथी टार्गेट इस्टरेज त्याचं नाव. त्यानंतर एक ते तीन आठवड्यांनी लांब नसा टोकाकडून झडू लागतात. सगळ्यात लांब नसा पायांच्या, म्हणून सुरुवात पोटरी अन् पंजापासून. तुमचं वर्णन याच्याशी जुळतं. पण निदान तपासणीनेच होईल.

आर्वीचा_पाटील
दारू घेतो का भाऊ? दारूनेही नसा जातात.

वावरवाला_घाटंजी
माळकरी आहे तो. सरळ प्रश्नाचं उत्तर द्या ना कोणी, करायचं काय?

पांढरं_सोनं
२०१७ आठवते. यवतमाळ जिल्ह्यात शेकडो लोकांना बाधा झाली, वीसच्या वर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याच्या वर होती, फवारा उलटा तोंडावर यायचा. सरकारनं काही औषधं तेवढ्यापुरती बंद केली. मूळ दोष बीटी कापसाच्या बियाण्याचा आहे, गुलाबी बोंडअळी आटोक्यात असती तर एवढं मारावंच लागलं नसतं.

राळेगावकर
बीटीचं नंतर. इथं माणूस आजारी आहे.

सिस्टर_वर्धा
वावरवाला दादा, आधी हे सांगा: श्वास लागतो का, गिळताना अडतं का, उशीवरून मान उचलता येते का? यातलं एकही बिघडलं तर १०८ लावा, विचारत बसू नका.

वावरवाला_घाटंजी
श्वास बरोबर आहे. मान उचलते. हाताच्या बोटांत थोड्या मुंग्या आहेत, हे आत्ता विचारलं तेव्हा सांगितलं त्यानं.

सिस्टर_वर्धा
मग टॉनिकवर वेळ घालवू नका. सेवाग्रामच्या किंवा नागपूरच्या मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात दाखवा. नसांचा वेग मोजायची तपासणी असते, एनसीव्ही. तीत नस कुठे अन् किती बिघडली ते कळतं. पाटलांचं बी-१२ अन् शुगर तिथेच रक्तात बघतील, ते वगळणंही लागतंच. झडलेली नस परत आणायचं औषध नाही, पण व्यायाम लवकर सुरू केला अन् पंजाला आधाराची पट्टी लावली तर पाय आखडत नाही. नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते, त्यामुळे महिने लागतील. सौम्य बाधेत बरेच जण सुधारतात. पायात ताठरपणा वाटत असेल तर डॉक्टरांना नक्की सांगा, त्याचा अर्थ वेगळा होतो.

अन् या हंगामात त्याला पंपाला हात लावू देऊ नका. कुलूप लागलेलं विकर शरीर नव्यानं बनवतं, रक्तातली पातळी पूर्ववत व्हायला तीन-चार महिने जाऊ शकतात. त्याआधी फवारणीचं थोडं औषधही जास्त बाधतं.

तूरवाला
तुरीवर शेंगा पोखरणारी अळी आली, काय मारू?

राळेगावकर
वेगळा धागा काढा.

वावरवाला_घाटंजी
सकाळच्या गाडीनं सेवाग्रामले निघतो जी. कार्ड घेतलं. बाटलीही पिशवीत टाकू का?

सिस्टर_वर्धा
बाटली गाडीत नको, गळली तर आणखी कोणाला बाधा व्हायची. लेबलच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घटकांची नावं अन् टक्के वाचता आले पाहिजेत. अन् फोटो काढल्यावर हात साबणानं धुवा.