बडोद्यात ईएमईजवळ भाड्याने घर हवंय, पण पुराची भीती वाटतेय, मदत करा

नमस्कार मंडळी, ह्यांची पोस्टिंग बडोद्याला लष्कराच्या ईएमई स्कूलला आलीये, फॅमिली क्वार्टरला वेटिंग आहे, किती महिने लागतील कोणी सांगत नाही, म्हणून तोवर बाहेर सिव्हिल एरियात घर घ्यायचंय. आम्ही साताऱ्याकडचे, बडोद्यात ओळखीचं कोणी नाही. मोठी सहावीत जाईल, धाकटा अजून बालवाडीत, आणि सासूबाई सोबत असणार. मोठीच्या शाळेचं टेन्शन नाही, केव्हीतून (केंद्रीय विद्यालय) केव्हीत बदली करून घेऊ.

टेन्शन आहे ते विश्वामित्री नदीचं. ऑगस्ट २०२४ चे व्हिडिओ बघितल्यापासून माझी झोपच उडालीये, नदी ३५ फुटांच्या वर, लोक दोन-तीन दिवस गच्चीवर, लाईट नाही, वर सोसायटीत मगर! (मुलगा खूश आहे, त्याला मगर बघायचीये.)

आमची खरी अडचण अशी की सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत, त्यांना ग्राउंड फ्लोअरच पाहिजे, आणि पुरात पहिलं तेच बुडतं. लिफ्टची बिल्डिंग बघावी तर लाईट गेली की लिफ्ट बंद, मग त्या वर अडकणार. एका ब्रोकरने समा भागात टेनामेंट (बैठं घर) दाखवलं फोनवर, छान आहे, पुढे अंगण, म्हणाला इथे काही होत नाही ताई. ह्यांनी फोटो मोठा करून बघितला तर भिंतीला कमरेच्या वर एक सरळ रेष, खालचा रंग वेगळा. आता त्याच्यावर विश्वास कसा ठेवायचा?

फतेगंज, निजामपुरा, छाणी, कारेलीबाग, मांजलपूर एवढी नावं ऐकलीत. बजेट जेमतेम एचआरएइतकंच आहे. कुठे बघू?

प्रतिसाद १
ताई, माझं माहेर दांडिया बाजार, आता मांजलपूरला आहे. कारेलीबाग, समा, अकोटा, मुजमहुडा, वडसर, कलाली, नदीच्या कडेचं काहीही असो, खालचं घर घेऊच नका. इथे नुसता पाऊस बघून चालत नाही, वर आजव्याच्या धरणात किती भरलंय ते बघायचं. सयाजीरावांच्या काळातलं धरण आहे, ६२ दरवाजे, तिथून सोडलेलं पाणी शहरात पोचायला काही तास लागतात, त्यामुळे पाऊस थांबल्यावर पाणी चढतं आणि नवीन माणूस तिथेच फसतो. २०१९ ला ३१ जुलैला एका दिवसात वीस इंचाच्या आसपास पडला होता तेव्हाही हेच.
मांजलपूर त्यातल्या त्यात बरं, मराठी शेजार मिळेल, गणपती तर विचारूच नका.

प्रतिसाद २
मांजलपूर बरं आहे हे मान्य, पण त्यांची ड्युटी ईएमईला आहे ना? मग नदी मध्ये येते. पूर आला की काळा घोडा पूल बंद करतात, २०२४ ला केला होता. आणि तेव्हा आर्मीलाच बोलावलं होतं मदतीला, म्हणजे साहेब ड्युटीवर आणि ताई दोन मुलं आणि सासूबाईंना घेऊन दुसऱ्या काठावर. फतेगंज-निजामपुरा-छाणी साईडलाच बघा. फक्त तिथे भूखी कांस आहे (कांस म्हणजे मोठा नाला), तिच्यापासून लांब राहा. २०२५ च्या पावसाळ्याआधी विश्वामित्रीचा गाळ काढून पात्र रुंद केलंय, पण त्या भरवशावर खालचं घर नको.
खाली पार्किंग आणि वर पहिला मजला अशी जुनी फ्लॅटची बिल्डिंग शोधा. एकच जिना, सासूबाई दिवसातून एकदा चढतील उतरतील. आणि ब्रोकरला काय विचारता, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला विचारा, "चोवीसमां पाणी क्यां सुधी आव्युं हतुं?" तो गुडघा, कंबर, जे असेल ते हात लावून दाखवेल, त्याला कमिशन नाही मिळत.

धागाकर्ती
दोघांचेही खूप आभार. पुलाचं तर डोक्यातच आलं नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, म्हणाल्या एक जिना मी बसत बसत चढेन, पण मगर नको. पुढच्या रविवारी हे निजामपुऱ्यात जाऊन बघतायत, इस्त्रीवाल्याचं वाक्य त्यांना लिहून दिलंय. पार्किंगवरच्या पहिल्या मजल्याचं कोणाच्या ओळखीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, गाडी एकच आहे, स्कूटर. पुरात ती कुठे ठेवायची तेही सांगा.

प्रतिसाद १
फ्लायओव्हरवर. आम्ही सगळे तिथेच लावतो, लवकर गेलात तर जागा मिळते.