दुकानाला रील पाहिजे की रिप्लाय? बेळगाव, खानापूर, निपाणीवाल्यांनी बोला

शहापूरकर:
आमच्या शहापूरच्या खडेबाजारात आता साडीच्या दुकानात शिरलं की एक पोरगं ट्रायपॉड घेऊन उभंच असतंय. ट्रेंडिंग गाणं लावायचं, पदर गरकन फिरवायचा आणि खाली लिहायचं "किमतीसाठी डीएम करा". डीएम केला की दोन दिवसांनी नुसतं "हाय". माझं म्हणणं सरळ आहे, धंद्याला रील नाही, रिप्लाय लागतोय. दर लिहा, दुकान कधी उघडतं ते लिहा, गूगल मॅपवर पिन बरोबर ठेवा, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगात माल चढवा. मुंबईच्या माणसानं व्हिडिओ बघितला म्हणून तो काय उद्या गणपत गल्लीत येणार आहे?

काउंटरवरची:
रील नसती तर तो डीएम तरी आला असता काय ओ? आणि मुंबईवाल्याला यायला कोण सांगालंय, पार्सल जातंय की. आम्ही नाचगाणं बंद करून इरकलचा टोप पदर कसा जोडतात ते विणकराकडून शूट करून मागवलं. अंगाचा ताणा वेगळा, पदराचा वेगळा, आणि एकेक धागा फासात अडकवून दोन्ही जोडायचे, नुसते हात दिसतात, गाणं नाही काही नाही, तरी पुण्याच्या बायका अजून त्याच व्हिडिओखाली विचारत्यात. दर लिहिला की शेजारचा पन्नास रुपये कमी सांगतो, ते तुम्हाला काय माहीत.

लेथवाला_उद्यमबाग:
तुमचं साडीचं चालू दे. आमच्याकडं कास्टिंग आणि मशीनिंग, गिऱ्हाईक म्हणजे कंपनीचा परचेसवाला, तो काय रील बघून ऑर्डर देत नाही, त्याला ड्रॉइंगप्रमाणे माल आणि वेळेवर डिलिव्हरी पाहिजे. लिंक्डइनवर मशीनची यादी आणि कामाचे चार फोटो टाकले की बास. दसऱ्याच्या शुभेच्छांचं बॅनर कशाला टाकतात देव जाणे.

खानापूर_रोड:
पैसे देऊन पोस्ट बूस्ट, म्हणजे जाहिरात करणाऱ्यांनी एक बघा. बरेच जण एरिया म्हणून अख्खं कर्नाटक निवडतात. मग पैसे जातात पाचशे किलोमीटर लांबच्या बेंगळुरूला, आणि महाराष्ट्रातले चंदगड, गडहिंग्लज बाहेर राहतात, जिथली माणसं लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावलाच येतात! नकाशावर दुकानाची पिन टाकून भोवतीचे ५० किमी घ्या. त्या गोलाला सीमा कळत नाही, आपल्यालाच कळते 😄
व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टचं, म्हणजे एकदम सगळ्यांना मेसेज टाकायचं, पण तसंच, ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो, लिस्टीत २५६ नावं भरून काय उपयोग. बिल करतानाच गिऱ्हाइकाला नंबर सेव्ह करायला सांगा.

निपाणीचा_नाना:
आणि भाषा? मराठी पेठ, कॅप्शन मराठीतच पाहिजे. बोर्डावर ६० टक्के कन्नड सक्तीचं केलंय ते काय कमी झालं?

काउंटरवरची:
नाना, तो नियम बोर्डाचा, कॅप्शनचा नाही. पण गोकाक, बैलहोंगलचं गिऱ्हाईक कन्नडात "एष्टु?" म्हणजे "किती?" विचारतंय त्याला मराठीत उत्तर देऊ काय? दोन्ही लिहायचं. हॅशटॅगला पण बेळगाव, बेलगाम, बेळगावी तिन्ही टाकते मी, कोण काय शोधेल सांगता येत नाही. धंद्यात अभिमान काउंटरच्या आत ठेवावा लागतो.

निपाणीचा_नाना:
असंच करत करत सगळं गेलं. असो.

शहापूरकर:
पार्सलचं मान्य, विणकराचा व्हिडिओ पण मान्य. दराचं अजिबात नाही. शेजाऱ्याला दर पाहिजे असला तर तो पोरगं पाठवून विचारून घेतोय की, तुम्ही लपवताय ते फक्त गिऱ्हाइकापासून. रात्री दहाला मोबाईल बघणारी बाई तुमच्या रिप्लायची वाट बघत बसत नाही, दर लिहिलेल्या पुढच्या दुकानाकडं जाते.

काउंटरवरची:
खणाच्या ब्लाउजपिसाचे लिहून बघते, तेवढं मालक ऐकतील. इरकलला मात्र हात लावू देणार नाहीत.