मागच्या तळ्यात पडलेलं ॲलिगेटर की क्रोकोडाइल?

नवी_फ्लोरिडाकर: आम्ही पुण्याहून ओरलँडोला राहायला आलोय. घरामागे तळं आहे, काठावर दुपारी एक काळंकुट्ट धूड ऊन खात पडलेलं असतं. नवरा म्हणतो ॲलिगेटर. सासूबाई म्हणतात, काही का असेना, पोराला आत घ्या. ओळखायचं कसं?

खाडीवाला_नेपल्स: आधी सासूबाईंचं ऐका. पण नवराही बरोबर असणार. क्रोकोडाइलला थंडी सोसत नाही, म्हणून ते इथे मुख्यतः मायामीच्या खाली, खाऱ्या-मचूळ पाण्यात. जादा मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी त्याच्या जिभेवरच असतात. ॲलिगेटर पार नॉर्थ कॅरोलिनापर्यंत; तिथे दलदल गोठली की नाकपुड्या तेवढ्या बर्फाबाहेर ठेवून निवांत पडून राहतं!

दुर्बीण असेल तर बंद तोंड बघा. ॲलिगेटरचा वरचा जबडा रुंद, खालचे दात त्यात झाकून जातात. क्रोकोडाइलचा खालचा चौथा दात तोंड मिटलं तरी बाहेर, वरच्या जबड्याच्या खाचेत बसलेला. रंगावर जाऊ नका, शेवाळ चढलं की सगळे सारखेच. दोन्ही एका दिवसात बघायचे तर एव्हरग्लेड्स हे दलदलीचं राष्ट्रीय उद्यान गाठा: तिथल्या अनहिंगा ट्रेल या पायवाटेला ॲलिगेटर, मग गाडीने तासाभरावर फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणी, बोटींच्या धक्क्याशी क्रोकोडाइल. रानात दोन्ही एकत्र नांदतात ते फक्त दक्षिण फ्लोरिडात.

कृष्णाकाठ_सांगली: रुंद तोंड म्हणजे ॲलिगेटर, टोकदार म्हणजे क्रोकोडाइल, असंही सांगतात. ते आमच्याकडे चालत नाही हं. भिलवडी-औदुंबरला नदीकाठी पडलेली मगर बघा, तोंड चांगलं फताडं, पण जात क्रोकोडाइलचीच. दात बाहेर असतोच. ॲलिगेटर अमेरिकेबाहेर फक्त चीनमध्ये, यांगत्सेच्या खोऱ्यात.

नवी_फ्लोरिडाकर: फोटो मोठा करून पाहिला, खालचे दात कुठेच नाहीत. नवरा सकाळपासून मिरवतोय. शेजारचे आजोबा मात्र त्याला पाव टाकतात, तो लगेच काठाशी येतो.

खाडीवाला_नेपल्स: आजोबांना आजच सांगा. फ्लोरिडात हा गुन्हा आहे. माणूस दिसला की खायला मिळतं हे कळलं की जनावराची भीड चेपते. मग चार फुटांहून मोठं असेल तर ट्रॅपर, म्हणजे अशी जनावरं पकडणारा माणूस येतो, आणि धरून नेलेलं ॲलिगेटर सहसा मारलंच जातं. आणि कुत्रा असेल तर अंधार पडल्यावर त्याला काठाला नेऊ नका.