गहाळ, लुप्त की नामशेष? जुन्या ब्रिटिश टीव्ही नाटकांच्या पत्रिकेसाठी शब्द हवा आहे

टेम्सकाठी

इंग्लंडमधल्या आमच्या गावात जुन्या ब्रिटिश दूरचित्रवाणी नाटकांची आणि विज्ञानकथांची एक संध्याकाळ होणार आहे. मुलांकडे राहायला आलेले बरेच मराठी आईवडील तिला येणार असल्यामुळे कार्यक्रमपत्रिका मराठीतही करून देण्याचे काम माझ्याकडे आले आहे. दाखवल्या जाणाऱ्या कृती अशा: बीबीसीच्या 1953 मधल्या ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’चा दुसरा भाग, 1961 मधल्या ‘ए फॉर अँड्रोमेडा’चा सहावा भाग, आयटीव्हीच्या ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ या 1962 मधल्या मालिकेतला ‘लिटल लॉस्ट रोबो’ आणि जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरून बीबीसीने केलेल्या 1954 च्या ‘नाइन्टीन एटी-फोर’मधली काही दृश्ये. इंग्रजी पत्रिकेत प्रत्येक कृतीखाली तिचे कोणते भाग आज ‘मिसिंग’ आहेत ते दिले आहे.

मी सरळ ‘गहाळ भाग’ असे लिहिले. मसुदा तपासणारे आमचे काका महसूल खात्यातून निवृत्त झालेले आहेत. त्यांनी त्यावर काट मारली आणि सांगितले की गहाळ म्हटले की कोणाचा तरी निष्काळजीपणा आला, चौकशी आली आणि खुलासा आला. त्यांनी ‘लुप्त’ सुचवले, पण लुप्त म्हटले की मला थेट सरस्वती नदी आठवते. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

मुळाक्षर

काकांचे बरोबर आहे. आजही आपण ‘गहाळपणा’ म्हणतो तेव्हा हरवण्याविषयी बोलत नसतो, बेफिकिरीविषयी बोलत असतो. माझी आजी वस्तूला गहाळ म्हणतच नसे, माणसाला म्हणत असे. ‘तो मेला गहाळ आहे, त्याच्या हाती किल्ल्या देऊ नका’, हे तिचे ठरलेले वाक्य होते. वस्तू गहाळ होते हा अर्थ माणसाच्या गहाळपणातून पुढे आला असावा. गहाळ आणि गाफील यांचे नाते असावे असाही मला फार दिवसांचा संशय आहे.

खडीसाखर

संशयाला व्युत्पत्ती म्हणू नये, एवढीच विनंती. दोन शब्द कानाला जवळचे वाटले की त्यांची सोयरीक जुळवण्याचा छंद आपल्याकडे फार आहे. आमच्या नाशकाकडे कोंबडीसुद्धा गहाळ होते आणि त्यात कोणाचाही दोष धरला जात नाही.

जुनी फीत

शब्द निवडण्याआधी वस्तुस्थिती नीट पाहावी असे सुचवतो, कारण आपल्या पत्रिकेतल्या कृतींना एकच शब्द लागू पडणार नाही.

‘क्वाटरमास’पासून सुरुवात करू. नायजेल नील यांनी लिहिलेली आणि रुडॉल्फ कार्टियर यांनी सादर केलेली ही कथा 1953 च्या उन्हाळ्यात सहा आठवडे लंडनमधल्या अलेक्झांड्रा पॅलेस या बीबीसीच्या स्टुडिओतून थेट प्रक्षेपित होत होती. नट कॅमेऱ्यासमोर काम करत असत आणि ते त्याच क्षणी घरोघरी दिसत असे. प्रक्षेपण जतन करायचे तर पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्यावरचे चित्र उतरवून घ्यावे लागे. पहिले दोन भाग तसे उतरवले गेले, परंतु दर्जा समाधानकारक न वाटल्यामुळे पुढचे चार उतरवलेच नाहीत. दुसऱ्या भागात तर चित्र उतरवताना पडद्यावर एक किडा येऊन बसला, आणि अवकाशातून परतलेल्या मनुष्याचे ते गंभीर नाटक चालू असताना तो आजही त्यात दिसतो. आपल्या संध्याकाळी हाच भाग दाखवणार असल्यामुळे प्रेक्षकांना आधी कल्पना द्यावी, नाहीतर कोणीतरी उठून पडदा झटकायला जाईल. मुद्दा असा की उरलेले चार भाग गहाळ नाहीत आणि लुप्तही नाहीत. जे कधी मुद्रितच झाले नाही, ते हरवणार कसे?

‘अँड्रोमेडा’चे तसे नाही. तिचे सातही भाग अस्तित्वात होते, ते नंतर ठेवले गेले नाहीत. सहावा भाग पूर्ण उरला आहे आणि बाकीच्यांचे काही तुकडे. त्या काळी दोन इंच रुंदीची चित्रफीत अतिशय महाग होती आणि पाटी पुसावी तशी ती पुसून पुन्हा वापरता येत असे. शिवाय कलावंतांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुना कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. जे पुन्हा दाखवता येणार नाही ते कपाटात कशाला ठेवायचे, हा त्या काळचा हिशेब होता. चित्रफितींचा रीतसर संग्रह करण्याची जबाबदारी बीबीसीत 1978 च्या सुमारास निश्चित झाली. तोपर्यंत जे गेले ते गहाळपणाने गेले नाही, विचारपूर्वक आणि कागदावर नोंद करून गेले. काकांना हे सांगावे. खुलासा मागायचा तर तो फायलीत मिळेल.

मुळाक्षर

मग ‘पुसलेले’ म्हणा. शुद्ध, छोटा आणि घरातला शब्द आहे.

जुनी फीत

पुसली जाते ती फीत. फिल्मवरच्या प्रती पुसता येत नाहीत, त्या जाळतात किंवा भंगारात काढतात. ‘डॉक्टर हू’ या बीबीसीच्या विज्ञानकथा मालिकेच्या साठच्या दशकातल्या भागांचे दोन्ही झाले. मूळ फिती पुसल्या गेल्या आणि परदेशी विक्रीसाठी काढलेल्या सोळा मिलिमीटरच्या प्रती पुढे नष्ट केल्या गेल्या. मात्र परदेशी गेलेल्या काही प्रती तिकडेच राहिल्या. 1991 मध्ये हाँगकाँगहून एका कथेचे चारही भाग परत आले, आणि 2013 मध्ये नायजेरियात सापडलेल्या नऊ भागांची घोषणा झाली. तेव्हा यांना मात्र ‘गहाळ’ म्हणायला माझी हरकत नाही, कारण गहाळ वस्तू सापडू शकते. लुप्त झालेली सापडली तर तिचे उत्खनन करावे लागते.

सांजवात

आपल्या भाषेत यासाठी अधिक नेमकी सोय आहे आणि ती कोणीच कशी सुचवली नाही याचे नवल वाटते. ज्याचे केवळ नाव उरले ते ‘नामशेष’. ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’चे तेरा भाग झाले, बोरिस कार्लॉफ प्रत्येकाची प्रस्तावना करत असत, आणि आज त्यांपैकी एकच पाहता येतो. बाकीच्यांपैकी बहुतेकांचे शीर्षक आणि नटांची यादी तेवढी शिल्लक आहे. याला नामशेष नाही म्हणायचे तर कशाला म्हणायचे?

त्याच चालीवर मी आणखी एक शब्द पुढे ठेवते: ‘ध्वनिशेष’. ‘डॉक्टर हू’च्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज उपलब्ध आहे, कारण त्या काळी काही मुले टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून बसत होती. 1963 च्या जानेवारीत बीबीसीने दाखवलेल्या ‘द मॅडहाउस ऑन कॅसल स्ट्रीट’ या नाटकात तरुण बॉब डिलन गायला होता. त्याचेही चित्र गेले, आवाजाचा काही अंश राहिला. अशांना नामशेष म्हणणे अन्यायाचे होईल, ध्वनिशेष म्हणणे न्यायाचे.

खडीसाखर

शब्द देखणा आहे, परंतु तो वाचणार कोण? साठी-सत्तरीतली माणसे ‘स्मृतिशेष’ हा शब्द वर्तमानपत्रात फक्त एकाच पानावर वाचतात. त्यांच्या हाती ‘ध्वनिशेष’ असे छापलेला कागद दिला तर कोणाचे तरी तेरावे आहे असे समजून ती जेवून जायला बसतील. ‘आवाज आहे, चित्र नाही’ असे लिहावे. टीव्ही बिघडला की घरात आपण हेच म्हणतो आणि ते सर्वांना कळते.

सांजवात

‘आकाशवाणी’ हा शब्द रुजला तेव्हाही असेच हसणारे असतील. रेडिओवरच्या नाटकाला मराठीने ‘नभोनाट्य’ म्हटले आणि ते लोकांनी स्वीकारले. नवा शब्द कानावर पडल्याशिवाय ओळखीचा कसा व्हायचा?

मुळाक्षर

नभोनाट्याचा विषय निघालाच आहे तर विचारतो, टेम्सकाठी, आपण ‘दूरचित्रवाणी नाटक’ असा तीन पायांचा शब्द का वापरता? ‘दूरदर्शन नाटक’ का नको?

टेम्सकाठी

कारण दूरदर्शन हे एका संस्थेचे नाव आहे. ‘बीबीसीचे दूरदर्शन नाटक’ असे लिहिले तर ‘नाइन्टीन एटी-फोर’चा नायक पीटर कुशिंग मुंबईत वरळीच्या केंद्रात काम करत होता असे वाटेल.

कोल्हापूरकर

मी विषयाच्या थोडे कडेने बोलणार आहे. ‘ए फॉर अँड्रोमेडा’ पत्रिकेत आहे आणि तिच्या दोन लेखकांपैकी एकाचे नाव मराठी प्रेक्षकांसाठी ठळक छापले पाहिजे. ते फ्रेड हॉयल, म्हणजे जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. अँड्रोमेडाच्या दिशेने आलेल्या रेडिओसंदेशात एक संगणक बांधण्याच्या सूचना असतात आणि तो संगणक माणसांकडून एक सजीव घडवून घेतो, ही ती कथा. ती 1961 मध्ये पडद्यावर आली तेव्हा नारळीकर हॉयल यांच्याच हाताखाली संशोधन करत होते. शास्त्रज्ञाने फावल्या वेळात कथा लिहावी यात काही कमीपणा नाही, हे त्यांनी जवळून पाहिले. पुढे 1974 मध्ये त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला आपली पहिली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली, ती आद्याक्षरे उलटी करून.

आता शब्दाचे. पत्रिकेत ‘विज्ञानकथा’ लिहिले आहे ते ठीक, पण ‘विज्ञान काल्पनिका’ असे कृपा करून कुठेही लिहू नये. तो शब्द मला कायम औषधाच्या बाटलीवरचा वाटतो.

सांजवात

‘विज्ञानकथा’ म्हणजे कथा. नाटकाला कथा कशी म्हणणार?

कोल्हापूरकर

कीर्तनातही कथा असते, ती उभ्याने सांगतात म्हणून तिचे नाव बदलत नाही.

जुनी फीत

‘नाइन्टीन एटी-फोर’विषयी एक दुरुस्ती सुचवायची राहिली. टेम्सकाठींनी मला मसुदा पाठवला, त्यात ‘12 डिसेंबर 1954 रोजी प्रक्षेपण, 16 डिसेंबर रोजी पुनःप्रक्षेपण’ असे आहे. वाचणाऱ्याला वाटेल की रविवारचीच फीत गुरुवारी पुन्हा लावली. तसे झाले नाही. रविवारी कुशिंग आणि इतर नटांनी ते थेट सादर केले, त्यातल्या छळाच्या दृश्यांवरून गदारोळ झाला, पार्लमेंटपर्यंत तक्रारी गेल्या, आणि तरीही गुरुवारी सगळ्या मंडळींनी स्टुडिओत परत येऊन ते नाटक पहिल्यापासून पुन्हा उभे केले. आज जे आपण पाहतो ते गुरुवारचे आहे, 35 मिलिमीटरच्या फिल्मवर उतरवलेले. रविवारचे उरलेले नाही.

यासाठी मराठीत शब्द शोधण्याची गरजच नाही, तो रंगभूमीने आधीच दिला आहे: ‘प्रयोग’. ‘पहिला प्रयोग रविवारी, दुसरा गुरुवारी’ असे लिहिल्यावर जे इंग्रजी वाचकाला टीप देऊन समजवावे लागते, ते आपल्या वाचकाला आपोआप कळेल. तोच प्रयोग, तोच संच, तरी दुसऱ्या दिवशीचे काम वेगळे, हे नाट्यगृहाच्या पायऱ्या चढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

खडीसाखर

हे पटले. इतक्या चर्चेनंतर मला पटलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

मुळाक्षर

मला पटले नाही. प्रयोगाला प्रेक्षक समोर लागतो. रिकाम्या स्टुडिओतल्या प्रयोगाला रंगीत तालीम म्हणतात.

जुनी फीत

रंगीत तालीम चुकली तर थांबता येते. यांना थांबण्याची सोय नव्हती. 1958 च्या नोव्हेंबरात आयटीव्हीच्या ‘आर्मचेअर थिएटर’ या नाट्यमालिकेतल्या ‘अंडरग्राउंड’ या नाटकाचे थेट प्रक्षेपण चालू असताना गॅरेथ जोन्स या नटाचा दोन दृश्यांच्या मध्ये मृत्यू झाला, आणि बाकीच्या नटांनी त्याचे संवाद आपापसांत वाटून नाटक शेवटपर्यंत नेले. समोर प्रेक्षक बसलेला नसला तरी तो होता हे त्या सर्वांना माहीत होते.

टेम्सकाठी

‘प्रयोग’ घेतला. क्वाटरमासखाली ‘भाग 3 ते 6 मुद्रित झाले नाहीत’ असे लिहीन, अँड्रोमेडाखाली ‘उरलेला भाग: सहावा, शिवाय काही तुकडे’. ‘आउट ऑफ धिस वर्ल्ड’ला नामशेष लावायचे मनात आहे, परंतु काका म्हणतात की नामशेष प्राणी होतात, कार्यक्रम नव्हेत. त्यांच्याशी बोलून कळवतो. पत्रिका शुक्रवारी छापायला जाते.

मुळाक्षर

छापायला जाण्याआधी एक पाहून घ्यावे. आपल्या मसुद्यात दुसऱ्या पानावर ‘पुनर्प्रक्षेपण’ आहे आणि जुनी फीत यांनी दिलेल्या उताऱ्यात ‘पुनःप्रक्षेपण’. पुढे ‘प’ असताना विसर्गाचा ‘र’ होत नाही. आपण ‘पुनर्जन्म’ लिहितो, पण ‘पुनःप्रत्यय’.

खडीसाखर

बोलताना मात्र विसर्ग कोणीही उच्चारत नाही. ‘पुनर्प्रक्षेपण’ आता रूढ आहे.

मुळाक्षर

चूक रूढ झाली म्हणून ती बरोबर होत नाही.

खडीसाखर

मग बरोबर कशाने होते, तेवढे सांगावे.